प्रश्न विचारणाऱ्याचं पुढे काय होतं ते बघा

गेले काही दिवस आमच्या फॅमिली ग्रुपवर राजकारणावरून जे चाललंय ते बघून हे लिहितेय. थोडं मोठं आहे, वेळ असेल तर वाचा.

मी बरीच वर्षं एका महाराजांच्या सत्संग परिवारात होते आणि नंतर तिथून बाहेर पडले. त्या परिवाराचं नाव घेणार नाही, कारण माझी आई अजून तिथे जाते आणि मला तिच्याशी बोलणं चालू ठेवायचंय. पण तिथे माणसाला कसं धरून ठेवतात ते मी आतून बघितलंय, आणि आता प्रचारसभा ऐकताना, चॅनेलवरच्या चर्चा बघताना, चांगले शिकलेले मित्र एकमेकांना ब्लॉक करताना दिसले की मला तेच सगळं परत दिसायला लागतं आणि खरंच भीती वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे अशा ठिकाणी अडाणी लोक जातात हा समज डोक्यातून काढा. आमच्यात इंजिनिअर होते, बँकेतले ऑफिसर होते, डॉक्टर होते, आणि कोणीही चमत्कार बघून आलेलं नव्हतं. माझे बाबा गेले तेव्हा तेरावं झाल्यावर नातेवाईक आपापल्या घरी गेले, आणि त्यानंतर महिनोन्‌महिने या परिवारातले लोक घरी येत राहिले, डबे आणले, आईला पेन्शनच्या कागदांसाठी ऑफिसात घेऊन गेले, भावाच्या अ‍ॅडमिशनच्या रांगेत उभे राहिले. त्यांची माया खोटी नव्हती, हे मी आजही म्हणते. आणि म्हणूनच सुटणं अवघड असतं, कारण बाहेर पडायचं म्हणजे नुसता महाराजांचा फोटो भिंतीवरून काढायचा नसतो, वाईट दिवसात ज्यांनी हात दिला त्या सगळ्यांना सोडायचं असतं. पक्षाचंही असंच असतं. ज्याच्या वडिलांना रात्री दोन वाजता एखाद्या दादांच्या कार्यकर्त्याने हॉस्पिटलमध्ये बेड मिळवून दिला, त्याला तुम्ही अंधभक्त म्हणा किंवा चमचा म्हणा, त्याला ती शिवी त्या रात्रीलाच दिल्यासारखी लागते. तो तुमचं पुढचं एक अक्षर ऐकणार नाही.

आता पकड कशी बसते ते सांगते. आमच्याकडे एका काकांनी एकदा जमीन खरेदीचा हिशोब विचारला, साधा हिशोब, कोणावर आरोप नाही काही नाही. त्यांच्यावर कोणी ओरडलं नाही. उलट खूप प्रेमाने विचारलं गेलं की काका, हल्ली नामस्मरण कमी झालंय का, घरी काही ताण आहे का. म्हणजे हिशोबाचं उत्तर आलंच नाही, प्रश्न पडणं हाच काकांचा आजार ठरला. पुढच्या सत्संगाला त्यांच्या शेजारी बसायला कोणी तयार नव्हतं. आणि हे सगळं बघणाऱ्या आम्ही बाकीच्यांनी काय शिकायचं ते शिकून घेतलं. मनात प्रश्न आला की त्याचं उत्तर आपणच आधी तयार करायचं, बाहेर जाऊच द्यायचा नाही. त्यानंतर पहारा ठेवायची गरजच उरत नाही.

आता कुठल्याही पक्षाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाऊन विचारून बघा की आपल्या वॉर्डातल्या रस्त्याच्या टेंडरचं काय झालं. उत्तर काय येतं? तुम्ही कधीपासून त्यांच्या बाजूला गेलात. तेव्हा कुठे होतात. टेंडर राहिलं बाजूला, तुम्ही कोणाचे हेच तपासलं जातं.

दुसरी गोष्ट म्हणजे काहीही झालं तरी महाराज बरोबरच. नोकरी लागली तर कृपा, नाही लागली तर परीक्षा. आजार बरा झाला तर कृपा, माणूस गेला तर प्रारब्ध. राजकारणात चांगलं झालं की नेत्यामुळे, वाईट झालं की आधीच्यांमुळे नाहीतर अधिकाऱ्यांमुळे. आणि एक वाक्य तर मी दोन्हीकडे जसंच्या तसं ऐकलंय, "साहेब चांगलेच आहेत हो, आजूबाजूचे लोक त्यांना खरं कळू देत नाहीत." हे वाक्य ऐकलं की मी सावध होते. एवढं मोठं साम्राज्य चालवणाऱ्या माणसाला फक्त वाईट गोष्टीच तेवढ्या कळत नाहीत हे पटतं कसं आपल्याला?

मग बाहेरच्या जगाची भीती. आमच्याकडे एक शब्द होता, नकारात्मकता. पेपरातली बातमी नकारात्मक, शंका घेणारी मावशी नकारात्मक, सोडून गेलेला तर नकारात्मकच. रॉबर्ट लिफ्टन नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने 1950 च्या दशकात चीनमध्ये 'विचार सुधारणे'तून, म्हणजे दबाव टाकून माणसाची मतं बदलायच्या प्रकारातून गेलेल्या लोकांशी बोलून अभ्यास केला होता, त्याने हेच नोंदवलंय की असे छोटे तयार शब्द हातात दिले की विचार तिथल्या तिथे थांबतो. राजकारणातले असे शब्द बघा, देशद्रोही, अंधभक्त, गद्दार, विकला गेलेला, चमचा. कुठला शब्द कोणाचा ते तुम्हाला माहितीये. काम सगळ्यांचं एकच, समोरच्याचं पुढचं ऐकून घ्यायला लागू नये. त्यात भर म्हणजे घाई, ही शेवटची निवडणूक, आता नाही तर कधीच नाही. आम्हालाही कायम सांगायचे की मोठा कठीण काळ येणारे, आता शंका घ्यायची वेळ नाही. तो काळ दरवर्षी पुढे ढकलला जायचा, पण शंका घ्यायची वेळ मात्र कधी आली नाही.

कोणाला वाटेल मी ओढूनताणून जोडतेय, तर एक उदाहरण देते. पुण्यात 1974 मध्ये कोरेगाव पार्कात रजनीशांचा (म्हणजे ओशोंचा) आश्रम सुरू झाला. 1981 मध्ये ते अमेरिकेत गेले, ओरेगॉन राज्यात चौसष्ट हजार एकरांच्या रँचवर शहर वसवलं. शेजारच्या अँटिलोप नावाच्या चिमुकल्या गावात मतांच्या जोरावर कौन्सिल ताब्यात घेतलं आणि गावाचं नाव बदलून रजनीश केलं. 1984 मध्ये काउंटीची, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाची निवडणूक होती, ती जिंकायला बाहेरच्या शहरांतून बेघर लोकांना बस भरभरून मतदार म्हणून आणलं, आणि विरोधातले मतदार आजारी पडून घरी राहावेत म्हणून द डॅल्स गावातल्या हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला जंतू मिसळले. 751 माणसं आजारी पडली. जे ध्यान शिकायला आले होते, ज्यांच्यात वकील, प्रोफेशनल असे भरपूर शिकलेले लोक होते, त्यांच्यातलेच काही जण तिथपर्यंत पोचले. आपलं ध्येय इतकं मोठं आहे की समोरचा माणूस आडवा आला तर त्याचं काहीही केलं तरी चालतं, हे एकदा मनात बसलं की बाकीचं सोपं होतं.

आपल्याला हे सांगणारे कोणी नव्हते असं नाही. 25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेब संविधान सभेत बोलले होते की धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेलही, पण राजकारणातली भक्ती, व्यक्तिपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडेच नेते. आज त्यांच्या फोटोला हार घालून त्याच स्टेजवर नेत्याच्या पायावर डोकं ठेवतात, याचा मला मनापासून त्रास होतो. आणि माझा राग भक्तीवर नाहीये, माझी आजी वारीला जायची, तिला कोणी कधी हिशोब विचारला म्हणून वाळीत टाकलं नाही. गाडगेबाबांचं कीर्तन आठवा, ते स्वतःच समोरच्या लोकांना प्रश्न विचारायचे, उत्तरं काढून घ्यायचे, आणि मी कोणाचा गुरू नाही, माझा कोणी शिष्य नाही असं सांगायचे. श्रद्धा आणि प्रश्न एकत्र राहू शकतात याचा याहून मोठा पुरावा मला नको.

डॉ. दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला, त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा फार गरजेचा होता. पण तो दैवी शक्तीच्या नावाने फसवणाऱ्याला पकडतो. कोणी प्रेमाने, हळूहळू तुमची शंका घ्यायची सवयच मोडत असेल तर त्यावर कलम नाही, असूही शकत नाही, ते आपल्यालाच बघावं लागणार.

प्रत्येक पक्ष म्हणजे कल्ट, म्हणजे एका माणसाभोवती बांधलेला बंदिस्त पंथ, असं मी म्हणत नाहीये. झेंडा, घोषणा, निष्ठा याशिवाय राजकारण चालत नाही, चळवळी तर नाहीच. मी एवढंच बघते की नेता या मुद्द्यावर चुकला असं पक्षाच्या ऑफिसात बसून म्हणता येतं का आणि तसं म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी तिथेच चहा मिळतो का.

आणि ज्यांच्या घरात कोणी असं पूर्ण वाहून गेलंय त्यांच्यासाठी. मी बाहेर पडले ती वादात हरून नाही. माझी मावशी, जिला आम्ही नकारात्मक म्हणायचो, ती कधीच महाराजांचा विषय काढायची नाही, फक्त फोन करत राहिली, काय जेवलीस, पाऊस आहे का तिकडे. ज्या दिवशी मला कोणाशी तरी बोलायचं होतं तेव्हा फोन करायला एकच नंबर होता. म्हणून सांगते, तुमच्या घरातल्या अशा काका-मामांना फॅमिली ग्रुपवरून काढू नका. फॉरवर्डला उत्तर देऊ नका वाटलं तर, पण फोन करत राहा.

कमेंटमध्ये महाराजांचं नाव विचारू नका, सांगणार नाही. राजकारणातली उदाहरणं जरूर लिहा, पण आधी स्वतः ज्या पक्षाला मत देता त्याचं लिहा, मग दुसऱ्याचं.