भिंत घासू नका, भाऊबीज तोंडावर आलीय

दिवाळीला नऊ दिवस उरले की खोली रंगवायला काढावी. त्याआधी काढली तर काम नीट होण्याचा धोका असतो.

सुरुवात शेड कार्डापासून करा, भिंतीकडे मुळीच बघू नका. फिका पिस्ता की हिरवट क्रीम, यावर घरातल्या चौघांनी तीन रात्री भांडावं. कोपऱ्यातल्या ओलीबद्दल मात्र कुणी ब्र काढू नये. ती ओल पलीकडच्या बाथरूममधून येतेय, हे आपल्यालाही माहीत असतं. पण मग पाइपाची गळती शोधा, फरशी फोडा, भिंत वाळायची वाट बघा! त्यापेक्षा वरून महागातला रंग मारा. किंमत ऐकून पाणी आल्या वाटेने परत जातं.

रंगारी आला की म्हणेल, खोली रिकामी करा. हो म्हणा आणि चहा टाकायला निघून जा. लोखंडी कपाट ही हलवायची वस्तू नाही, त्याच्या कडेकडेने रंग मारायचा असतो. आमचं कपाट मागे एकदा चार बोटं सरकलं, तर मागे तीन रंगांपूर्वीचा निळा डिस्टेंपर जसाच्या तसा. आईला भरून आलं. कॅलेंडरचा खिळा उपटून भोक बुजवणं हाही असाच उगाच व्याप. खिळ्यालाही दोन हात द्या, भिंतीतलाच वाटतो.

आता घासकाम. जुन्या डिस्टेंपरवरून हात फिरवला की तळवा पांढरा होतो. ही भुकटी खरवडून, धुऊन काढल्याशिवाय वरचं काही धरणार नाही, असं रंगारीमामा सांगतात. तुम्ही तळवा धुवा, विषय संपला. मामा तरी थांबत नाहीत: प्रायमर, लांबीचे (म्हणजे भिंत सपाट करायच्या पुट्टीचे) दोन हात, प्रत्येक हात वाळायला अर्धा दिवस, वर १८० नंबरचा पॉलिश पेपर, मग पुन्हा प्रायमर. म्हणजे रंग दोन दिवस आणि तयारी चार! त्यांना स्पष्ट विचारा, "तयारीचे वेगळे पैसे कसले? दिसतं का ते?"

दाराचा जुना ऑइलपेंट मात्र कोरडाच घासा, मुलांना शेजारी बसवून. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत नव्वद) वर नको, हा नियम लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. दारावरचे थर त्याआधीचे असले तर त्या धुळीत काय उडत असेल, ते मुलांना घरबसल्या समजेल. (काही लोक ओलं करून घासतात, तोंडाला मास्क लावतात आणि मुलांना मामाच्या गावाला पाठवतात. हौस एकेकाची.)

एवढं सगळं वाचवल्यावर पोपडा सुटायला पावसाळ्याची वाटही बघावी लागत नाही. आमच्याकडचा पहिला भाऊबीजेला सुटला, थेट दादाच्या बशीत. एका अंगाने पांढरा, दुसऱ्या अंगाने पिस्ता. दादाने उचलून निरखला नि म्हणाला, "ताई, यंदा चिवड्यातलं खोबरं हिरवं कसं गं?"

फरशीवर जुनी चादर अंथरली तर चादर खराब होते. म्हणून रद्दी टाकावी, तीही एकपदरी. आमच्याकडे तिच्यावर आधी पाणी सांडलं, मग रंग, मग चार दिवस कुणी बघितलं नाही. उलथन्याने खरवडून निम्मी निघाली. उरलेलं राशिभविष्य सोफ्याच्या पायाशी अजून वाचता येतं: कन्या – वास्तूची रखडलेली कामे मार्गी लागतील, मात्र