"आधी ट्रान्सफॉर्मर सांभाळा, मग दहा वर्षांचा प्लॅन" – एका कमेंटला उत्तर

भाऊ, तुमची कमेंट नीट वाचली. खाली दोन ओळी टाकून मोकळं होता आलं असतं, पण मुद्दे वजनदार आहेत आणि तुमच्यासारखंच म्हणणारे नागपुरात मला बरेच भेटतात, म्हणून वेगळी पोस्टच लिहून राहिलो.

ज्यांनी कमेंट पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या पोस्टमधे मी लिहिलं होतं की अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत वीज कंपनीला पुढच्या पंधरा-वीस वर्षांचा प्लॅन वीजदर ठरवणाऱ्या नियामक आयोगापुढे ठेवावा लागतो, त्यावर लोक प्रश्न विचारतात, आणि आपल्याकडेही आता तसा नियम आलाय तर आपण त्यात लक्ष घातलं पाहिजे. त्यावर तुम्ही म्हणता, "अमेरिकेचं अमेरिकेत राहू द्या. दहा वर्षांनी किती वीज लागेल हे सांगणं म्हणजे कुडमुड्या जोशाचं काम, कमी पडली तर बाजारातून घ्यायची. इथं मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर उडाला की रात्रभर गच्चीवर बसावं लागते. कोळसा विदर्भात जळते, राख आमच्या नाकात जाते आणि वीज मुंबई-पुण्याले. आधी हे सोडवा, मग प्लॅनिंगच्या गोष्टी करा."

जोशाचा मुद्दा आधी घेतो. भाकीत चुकणार, यात आपला वाद नाहीच. पण वीज कंपनी आजही भाकीत करतेच नं, नाहीतर पंचवीस-पंचवीस वर्षांचे करार कशाच्या भरवशावर होतात? प्रश्न असा आहे की ते भाकीत कोणते आकडे धरून केलं हे आपल्याला दिसतं का, आणि चुकलं तर पैसे कोण भरतं. एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा दाभोळचा वीज प्रकल्प आठवा. १९९३ मधे वर्ल्ड बँकेने हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या टिकत नाही म्हणून कर्ज द्यायला नकार दिला, त्याच वर्षी डिसेंबरमधे राज्याच्या वीज मंडळाने करारावर सही केली. पुण्याच्या प्रयास या अभ्यास संस्थेच्या लोकांनी त्या काळात कराराचे आकडे मांडून दाखवले, तरी गाडी पुढे गेलीच. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मधे सुरू झाला आणि २००१ च्या मे महिन्यात बंद पडला, कारण ती वीज घेणं मंडळाला परवडेना आणि नाही घेतली तरी क्षमतेचे पैसे मोजावेच लागत होते. बंद पडायच्या थोडं आधी चौकशीसाठी माधव गोडबोले समिती बसली, रिपोर्टही आला, पण तोवर करार होऊन प्लांट उभा राहिलेला होता. आणि त्यानंतर चार वर्षं जात नाहीत तोच राज्यात असा तुटवडा पडला की विदर्भातल्या गावांत तासन्‌तास लोडशेडिंग! एकाच राज्याने आधी नको इतकी महाग वीज बांधून घेतली आणि लगेच पुढे वीजच कमी पडली, हे दोन्ही आपल्याच वाट्याला आलं.

इथे एक गोष्ट सगळ्यांना माहीत असायला पाहिजे. कराराच्या विजेची किंमत दोन भागांत असते, एक कोळशाचा म्हणजे जेवढी वीज घेतली तेवढ्याचा, आणि दुसरा स्थिर आकार, म्हणजे प्लांट वीज द्यायला तयार आहे एवढ्यासाठीच द्यायचा. मागणी नसली, वीज बनवणारा संच बंद ठेवायला सांगितला, तरी दुसरा भाग द्यावाच लागतो आणि तो फिरून आपल्याच बिलात येतो. बिल वाढलं की आपण चिडतो, दरवाढीच्या सुनावणीत जाऊन बोलतो, पण तोवर आयोगाच्याही हातात फार उरलेलं नसतं, कारण करार आयोगानेच मंजूर केलेला असतो. २००३ च्या वीज कायद्यात कलम ८६ खाली वीज खरेदीवर लक्ष ठेवायचं काम राज्य आयोगाचं आहे, म्हणजे बोलायची खरी वेळ खरेदी ठरायच्या आधीची, आणि त्याच वेळी आपल्यापैकी कोणी तिथे नसतं. मी प्लॅनच्या मागे लागलोय तो एवढ्यासाठी.

आता अमेरिका. मी तिकडचं सगळं चांगलं म्हणत नाही, उलट तुमच्या बाजूचं सगळ्यात मोठं उदाहरण तिथलंच आहे. साउथ कॅरोलिना. तिथे प्लॅन दाखल करायची पद्धत होतीच, पण आयोग तो फाईलला लावून मोकळा व्हायचा. २००७ मधे कायदा झाला की अणुभट्टी बांधून पूर्ण व्हायच्या आधीच तिचा खर्च ग्राहकांकडून घेता येईल. व्ही. सी. समर नावाच्या केंद्रात दोन नव्या भट्ट्या सुरू झाल्या, बिलं वाढत गेली, एक वेळ अशी आली की ग्राहकाच्या बिलातला जवळपास १८ टक्के भाग त्या भट्ट्यांचा होता, आणि ३१ जुलै २०१७ ला कंपन्यांनी काम अर्धवट सोडलं. सुमारे ९ अब्ज डॉलर गेले, एक युनिट वीज निघाली नाही. तुम्ही म्हणाल, बघा, प्लॅन कागदावरच राहिला! अगदी बरोबर. पण त्यानंतर काय झालं ते जास्त महत्त्वाचं आहे. लोकांच्या संतापातून २०१९ मधे नवीन कायदा आला, त्यात आयोगाने प्लॅनवर रीतसर सुनावणी घ्यायची आणि प्लॅन मान्य करायचा, बदलायला लावायचा किंवा नाकारायचा असं ठरलं. आणि २०२० च्या डिसेंबरमधे त्याच आयोगाने तिथल्या कंपनीचा प्लॅन खरंच परत पाठवला, पर्यायांची तुलना नीट केली नाही, पुन्हा करून आणा म्हणून. म्हणजे कागदाला दात बसवता येतात. जिथे लोक मागे लागले तिथे बसले.

आपल्याकडे कुठवर आलंय? केंद्राने २०२२ च्या शेवटी नियमांत रिसोर्स अ‍ॅडिक्वसी, म्हणजे लागेल तेवढ्या विजेची आधीच तजवीज करणं, आणली, २०२३ च्या जूनमधे गाईडलाइन्स काढल्या की वितरण कंपनीने दहा वर्षांचा प्लॅन करायचा आणि तो दर वर्षी पुढे सरकवायचा, आणि २०२४ मधे महाराष्ट्राच्या आयोगाने स्वतःचे रेग्युलेशन्स आणले. म्हणून "इथे काहीच नाही" हे आता खरं नाही. पण मला यात एक गोष्ट खटकते. आपला भर "पुरेसे मेगावॉट आहेत का" यावर आहे. तेच मेगावॉट कोळशाने, बॅटरीने की मागणी दिवसाच्या दुसऱ्या वेळेला हलवून भागवले तर आपल्याला स्वस्त पडतील, ही तुलना लोकांपुढे मांडायची सक्ती तेवढ्याच जोराने पाहिजे. ते नसेल तर प्लॅन म्हणजे खरेदीची यादी होते.

बाजारातून घ्यायचं म्हणता, तर २०२२ च्या मार्चमधे एक्सचेंजवर, म्हणजे विजेच्या बाजारात, वीज २० रुपये युनिटपर्यंत गेली होती, मग १२ रुपयांची मर्यादा घातली, पुढे ती १० वर आणली. दुपारी सोलरमुळे भाव पडतात आणि संध्याकाळी सगळी राज्यं एकदमच घ्यायला उभी राहतात. पुढची तयारी नसलेल्याने नेमकी संध्याकाळीच खरेदी करायची असते.

ट्रान्सफॉर्मरबद्दल तुमचं दुखणं मात्र शंभर टक्के खरं आहे आणि ते प्लॅनिंगच्या बाहेरचं नाही, प्लॅनिंगमधे आजवर न आलेलं आहे. आपल्याकडे निकष असा धरतात की वीज कमी पडायची शक्यता ०.२ टक्क्यांच्या आत असावी, म्हणजे वर्षाच्या ८,७६० तासांतले साधारण साडेसतरा तास. अमेरिकेत जुना ठोकताळा दहा वर्षांत एक दिवस, म्हणजे वर्षाला अडीच तासही नाही. पण या दोन्ही आकड्यांत तुमच्या गल्लीतला जळलेला ट्रान्सफॉर्मर येतच नाही! नागपूरजवळच्या कोराडीच्या कोळसा केंद्रात वीज भरपूर तयार होत असेल, लाईन नीट असेल, आणि तरी ४५ डिग्रीत रात्री प्रत्येक घरात एसी आणि कूलर एकदम चालू झाले की शेवटचा डबा, म्हणजे गल्लीतला ट्रान्सफॉर्मर, बसतो. कॅलिफोर्नियाने २०१३ मधे कायदा करून कंपन्यांना खालच्या जाळ्याचाही प्लॅन द्यायला लावला, कोणत्या फीडरवर (सबस्टेशनमधून वस्तीकडे येणाऱ्या लाईनवर) आणखी किती सोलर झेपेल याचे नकाशे लोकांसाठी उघडे करायला लावले. नागपुरात आज छताछतावर पॅनेल लागून राहिले, सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये सबसिडी आहे, नव्या फ्लॅटस्कीममधे इलेक्ट्रिक गाड्यांचे चार्जर येऊन राहिले, आणि आपल्या डीपीवर, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर, किती लोड आहे हे मात्र आपल्याला माहीत नाही. हा नकाशा मागितलाच पाहिजे. तोवर वेळेत दुरुस्ती झाली नाही तर आयोगाच्या २०२१ च्या रेग्युलेशन्समधे भरपाईची सोय आहे, तक्रार आधी कंपनीकडे, मग ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि तिथे नाही जमलं तर विद्युत लोकपाल, ज्यांचं ऑफिस नागपुरातही आहे. फार कमी लोक तिथपर्यंत जातात.

आता राख. हे लिहिताना मलाही राग येतो, कारण कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर या कोळसा केंद्रांभोवती राहणारी आपलीच माणसं आहेत. कोराडीजवळच्या खसाळ्याचा राखेचा बंधारा २०२२ च्या जुलैमधे फुटला तेव्हा राख शेतांत गेली, नदीत गेली. वर्षही झालं नव्हतं तर २०२३ च्या मे महिन्यात कोराडीला ६६० मेगावॉटच्या आणखी दोन संचांसाठी जनसुनावणी झाली. आता त्या सुनावणीची रचना बघा. ती पर्यावरणाची. लोक येतात, राख, धूर, पाणी, दमा यावर जीव तोडून बोलतात, प्रदूषण मंडळ ते लिहून घेतं, वर पाठवतं. पण "हे दोन संच लागतातच का?" हा प्रश्न तिथे विचारला तरी उत्तर द्यायचा अधिकार समोर बसलेल्या कोणाकडेच नसतो, कारण गरज आधीच दुसरीकडे गृहीत धरलेली असते. शेतीच्या फीडरला सौर वाहिनी योजनेतून दिवसा वीज द्यायची तर रात्रीचा तेवढा लोड उतरणार, मग रात्रीसाठी किती कोळसा उरतो? बॅटरी घेतल्या तर किती? हे सगळं प्लॅनच्या टप्प्यावरच विचारता येतं. विदर्भाचा सगळ्यात मोठा प्रश्न ज्या टेबलावर ठरतो त्या टेबलापाशी विदर्भातली खुर्ची रिकामी राहते, आणि तुम्ही म्हणता प्लॅनिंगचं नंतर बघू. मला हे पटत नाही भाऊ. राखेची झळ ज्याला लागते त्यानेच या कागदात आधी शिरलं पाहिजे.

शिरता येतं. आयोग मोठ्या याचिकांवर हरकती-सूचना मागवतो, पेपरात जाहिरात येते, मराठीत लिहिलेलं चालतं, वकील लागत नाही. दरवाढीच्या सुनावण्या तर नागपुरातही होतात, बऱ्याचदा वनामतीच्या हॉलमधे. कायद्यातच ग्राहकांच्या प्रतिनिधींची सोय आहे, आपल्या विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशनचे लोक तिथे वर्षानुवर्षं मांडतात, पण ते उद्योगांच्या बाजूने, घरगुती ग्राहकाचं आणि राखेखालच्या गावांचं कोण बोलणार?

मी सूचनेचा मसुदा मराठीत करून राहिलो. त्यात संध्याकाळी सात ते रात्री अकराचा अंदाज वेगळा दाखवा, प्रत्येक नव्या कोळसा संचासमोर बॅटरी आणि दिवसाच्या शेती-विजेचा पर्याय रुपयांत मांडा, आणि नागपूर शहराच्या फीडरचा लोड उघड करा, एवढं घेतलंय. पाठवायच्या आधी ब्लॉगवर टाकीन. तुम्ही कोराडी रोडकडचे असाल तर राखेबद्दल तुमच्याकडे जे फोटो, तारखा, अर्जांच्या पोचपावत्या असतील त्या काढून ठेवा, त्या मसुद्याला जोडता येतील.