नानावटीच्या ज्युरीवर किती वर्षं खापर फोडणार?

नानावटी खटल्याचा विषय निघाला की कुणीतरी ठेवणीतलं वाक्य बाहेर काढतंच: "त्या निकालामुळेच आपल्याकडची ज्युरी बंद झाली." (ज्युरी म्हणजे खटला ऐकून आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारं सामान्य नागरिकांचं मंडळ.) आमच्या वकील मंडळींच्या ग्रुपवर परवा पुन्हा तेच. वर शेरा, सामान्य माणसाच्या हाती न्याय दिला की असंच व्हायचं. ग्रुपवर वाद घालायचा मला कंटाळा येतो, म्हणून इथे लिहितेय.

पहिली गोष्ट म्हणजे तारखाच जुळत नाहीत. ज्युरी बंद करा असं विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात सांगितलं ते 1958 साली. नौदलातल्या कमांडर कावस नानावटींनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याच्यावर मुंबईत गोळ्या झाडल्या 27 एप्रिल 1959 ला. कायद्यातून ज्युरी हद्दपार झाली ती 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, 1 एप्रिल 1974 पासून. म्हणजे आजारी माणसाच्या उशाशी शेवटी जो बसला होता, त्याच्याच नावावर मृत्यू मांडल्यासारखं झालं हे. (आणि पूर्ण हद्दपार तरी कुठे झाली? पारशी जोडप्यांचे घटस्फोटाचे दावे मुंबई उच्च न्यायालयात अजूनही ज्युरीसारख्या बसणाऱ्या पारशी प्रतिनिधींच्या मदतीने चालतात. पूर्वी ते सात असत, 1988 च्या दुरुस्तीनंतर पाच.)

आता तो निकाल. आठ विरुद्ध एक, निर्दोष. निकाल चुकीचा होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पत्नीने प्रेमसंबंध कबूल केल्यावर नानावटींनी तिला आणि मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं. तिथून ते आपल्या जहाजावर गेले. रात्री एकट्याने गाडी चालवत नगरला जायचंय, असं सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली. मग आहुजाच्या ऑफिसात, तिथे तो नाही म्हटल्यावर त्याच्या घरी. कबुली आणि गोळीबार यांत साधारण तीन तास गेले. बचाव असा, की झटापटीत चुकून गोळ्या सुटल्या. पण आहुजा नुकताच आंघोळ करून आला होता, अंगावर फक्त टॉवेल होता आणि मेल्यावरही तो टॉवेल जागच्या जागी होता. दोन धडधाकट पुरुषांच्या झटापटीत टॉवेलही सुटत नाही? सर्वोच्च न्यायालयाने या टॉवेलची नीट दखल घेतली. ज्युरीतल्या आठजणांना मात्र तो दिसला नाही.

का दिसला नाही, याचं उत्तर सगळे 'ब्लिट्झ'वर ढकलतात. करंजियांच्या त्या साप्ताहिकाने नानावटींना अब्रूदार नौदल अधिकारी आणि आहुजाला श्रीमंत लंपट करून टाकलं होतं, हे खरंच आहे. पांढऱ्या गणवेशातला देखणा आरोपी, मेलेला माणूस स्वतःची बाजू मांडायला येऊ शकत नाही, आणि बाहेर गर्दी आरोपीच्या बाजूने. या वातावरणाचा परिणाम होणारच.

पण उच्च न्यायालयाने निकाल फिरवताना आणखी एका गोष्टीवर बोट ठेवलं होतं, ती कुणी सांगत नाही. सत्र न्यायाधीशांनी ज्युरीला कायदा समजावून सांगण्यात चुका केल्या होत्या. गोळी अपघाताने सुटली किंवा अचानक गंभीर चिथावणी मिळाली, असं आरोपी म्हणतो, तेव्हा ते दाखवून देण्याची जबाबदारी आरोपीवर असते. ही मूळ गोष्टच ज्युरीपुढे नीट ठेवली गेली नव्हती. गंमत अशी, की त्याच न्यायाधीशांना ज्युरीचा निकाल पटला नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. पुढे जन्मठेप झाली, 24 नोव्हेंबर 1961 ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि 1964 मध्ये राज्यपालांनी माफीही देऊन टाकली. ती माफी ज्युरीने दिली नव्हती. पण बदनाम कोण? ते आठजण.

मला विचाराल तर पूर्वग्रहाचं खरं उदाहरण त्याच्या 51 वर्षं आधी, याच शहरात घडलं. 1908. 'केसरी'तल्या लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला. सरकारने खास ज्युरी मागितली आणि न्यायमूर्ती दावरांनी ती दिली. हेच दावर 1897 च्या पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांचे वकील म्हणून जामिनासाठी उभे राहिले होते! खास ज्युरीची यादी करताना मालमत्ता, चारित्र्य आणि शिक्षण बघायचं असा नियम होता. ऐकायला किती छान. त्या चाळणीतून खाली उतरले सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख मराठीत होते. खटला त्या लेखांचा रोख काय, वाचणाऱ्याच्या मनावर परिणाम काय, यावर उभा. आणि ठरवणाऱ्या बहुसंख्यांना मराठी येत नव्हतं, त्यांच्या हाती होती सरकारी भाषांतरं. टिळक स्वतः एकवीस तासांवर बोलले, इंग्लंडमधले दाखले देत, तुम्ही ज्युरर वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्याचे राखणदार आहात असं विनवत. 22 जुलैला रात्री आठनंतर ज्युरी आत गेली, सव्वानऊच्या सुमारास बाहेर आली. सात विरुद्ध दोन, दोषी. सहा वर्षं मंडाले.

1897 मध्ये ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते. निकाल सहा विरुद्ध तीन, दोषी.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की पुरावा ऐकून कोण काय ठरवत होतं हा प्रश्नच उरत नाही. त्या सातांपैकी एखादा मनाने सज्जनही असेल. पण यादी बनवतानाच निकाल बनला होता. नानावटीच्या ज्युरीला निदान वर्तमानपत्रांना फितवावं तरी लागलं.

म्हणून ज्युरी परत आणा म्हणणाऱ्या मंडळींशीही माझं जमत नाही. माझा आक्षेप सामान्य माणसावर नाही, ज्युरी कारण देत नाही याच्यावर आहे. दोषी, निर्दोष, एवढंच. कशावर विश्वास ठेवला, कशावर नाही, कुणाच्या कपड्यांकडे बघितलं, सगळं त्या बंद खोलीत राहतं.

न्यायाधीशाला पूर्वग्रह नसतो, असं मात्र कुणी मला सांगू नये. मी सत्र न्यायालयात रोज उभी राहते. वस्तीतली बाई साक्षीला येते, घाबरलेली, "आता कसं सांगू, अंधार व्हता" म्हणते. साहेब क्षणभर बघतात आणि टंकलेखकाला सांगतात: "घटनेच्या वेळी अंधार असल्याने मला काही दिसले नाही." ती तसं म्हणालेलीच नसते. हरकत घ्यावी लागते, कधी लिहून घेतात, कधी "पुढे चला". तोच साक्षीदार इस्त्रीच्या शर्टातला बँक मॅनेजर असला की प्रत्येक शब्द जसाच्या तसा उतरतो. अपिलात वरचं न्यायालय वाचणार तो कागद.

तरीही कागद आहे, याला किंमत आहे. 1972 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला आठवा. सत्र न्यायाधीशांनी तिलाच खोटारडी ठरवलं, तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचं निकालपत्रात लिहिलं. नागपूर खंडपीठाने पोलिसांना शिक्षा दिली, 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं, तिच्या अंगावर जखमा नाहीत वगैरे कारणं देत. वाचताना आजही हात थरथरतात. पण ते लिहिलेलं होतं, म्हणूनच 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांना सरन्यायाधीशांच्या नावे खुलं पत्र लिहून एकेक वाक्य पकडता आलं. त्यातून आंदोलन उभं राहिलं आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. ज्युरीने नुसतं "निर्दोष" म्हटलं असतं तर त्या चौघांनी कोणत्या वाक्याला धरलं असतं?

तेव्हा ज्युरी गेली याचं मला दुःख नाही. पण ती गेल्यामुळे पूर्वग्रह गेला, ही जी निश्चिंती आमच्या ग्रुपवर दिसते तिचा राग येतो. साक्षीचं ध्वनिचित्रमुद्रण करण्याची सोय कायद्यात आधीपासून आहे. आमच्या इमारतीत कॅमेरे जिन्यात आहेत, पार्किंगमध्ये आहेत. साक्षीदाराच्या पिंजऱ्यासमोर एक लावायला काय हरकत आहे?