कोरियन मालिकांवर, एकही न बघता, कसं बोलावं

कोरियन मालिका जगभर का आवडतात यावर चारचौघांत मत ठोकायचं असेल, तर पहिलं पथ्य हे की एकही मालिका बघू नका. बघितली की मत पातळ होतं.

सुरुवात सरकारपासून करा. आवाज खाली आणून सांगा, की १९९४ साली दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांपुढे एक अहवाल गेला: ‘ज्युरासिक पार्क’ या एकट्या सिनेमाची कमाई म्हणजे १५ लाख ह्युंदाई मोटारींची निर्यात. तेव्हापासून सगळं ठरवून चाललंय! लोक माना डोलावतील. सरकारने पैसा ओतला की प्रेक्षकाला रडू फुटतं, हे आपल्याकडे लगेच पटतं. आपल्या सरकारनेही दूरदर्शनवर वर्षानुवर्षं ओतलाच की, मग कोण रडलं, असं एखाद्या आगाऊ पोराने विचारलं तर पाणी प्यायला उठा.

परत येऊन नटनट्यांच्या कातडीवर घसरा. सगळे कसे नितळ, तुकतुकीत! इथे कुणी ‘दे जांग गम’ काढली तर मात्र पंचाईत. २००३ ची, ५४ भागांची मालिका. राजवाड्याच्या मुदपाकखान्यातली एक पोर पुढे राजाची वैद्य होते. इराणमध्ये ती घरोघरी बघितली गेली, आणि ती काही क्रीम कुठलं लावते हे बघायला नव्हे.

मग शेवटचं हत्यार: बायकांचे चोचले. जपानचा दाखला हाताशी ठेवा. ‘विंटर सोनाटा’चा नायक बे योंग-जून २००४ साली तिथे उतरला, तेव्हा विमानतळावर हजारो बायका, त्याही बऱ्याचशा मध्यमवयीन. त्याला त्या ‘योन-सामा’ म्हणत; सामा म्हणजे आपलं श्रीयुतच्याही वरचं. रिकामटेकड्या म्हणा आणि पुढे चला. त्यांना घरात गेल्या वीस वर्षांत ‘तू जेवलीस का’ असं कुणी विचारलं होतं का, या चौकशीत शिरू नका.

कारण खरा धोका तिथेच आहे. श्रीमंताचा पोर, गरिबाची पोर, ट्रकची धडक, गेलेली स्मृती, पोरीपुढे पैशांचं पाकीट सरकवणारी नायकाची आई, यांची टिंगल खुशाल करा. त्यांच्यामुळे कुणी बिघडत नाही. माणूस बिघडतो तो मधल्या जागी. भांडण झालेलं असतं, कुणी बोलत नसतं, आणि एक जण दुसऱ्याच्या भातावर चुपचाप भाजीचा घास ठेवतो. किंवा कुणी नुसतं विचारतं, “पाप मोगोस्सो?” म्हणजे जेवलास का. कोरियात हे ‘कसा आहेस’च्या जागी विचारतात. आपल्या आज्याही तेच विचारायच्या, म्हणून पडद्यावरची खालची भाषांतराची अक्षरं वाचू नका.

शिवाय हात हातात यायला सात-आठ भाग लागतात. तेवढ्या वेळात आपल्याकडे दोन लग्नं आणि एक विषप्रयोग उरकतो. आणि बहुतेक वेळा सोळाव्या भागाला मालिका चक्क संपते. टीआरपी पडला म्हणून नव्हे, गोष्ट संपली म्हणून. आपल्या प्रकृतीला हे झेपत नाही. चार दिवस घर सुनं वाटतं, असं ऐकून आहे.

एवढं पथ्य पाळूनही रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात, पातेल्याच्या झाकणात नूडल्स घेऊन फुंकर मारताना कुणी पकडलंच, तर सांगा: कोरियन सरकारच्या सांस्कृतिक धोरणाचा अभ्यास चालू आहे.