‘आपल्या मातीतलं नाही’ म्हणणाऱ्यांना

यंदा नवरात्रात आमच्या गावच्या शारदा मंडळापुढं चार पोरांनी गिटार, बेस आणि ड्रमवर हेवी मेटल, म्हणजे जड आवाजाचं रॉक संगीत, वाजवलं. गाव तिवसा तालुक्यातलं, संत्रा-कपाशीचं. त्या चौघांत माझा भाचा आहे. दुसऱ्या दिवशी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सेवानिवृत्त गुरुजींनी लिहिलं, की हा राक्षसी गोंगाट आपल्या मातीतला नाही, गोऱ्यांचा आहे, यापेक्षा डीजे परवडला, आणि पुढच्या वर्षी मंडळानं सरळ डीजे नाहीतर धुमाल पथक सांगावं. खाली अंगठ्यांची रांग लागली. मी इथून, स्वीडनच्या गोथेनबर्गहून, उत्तर लिहिलं, तर वर्गमित्रानं सुनावलं, “तू तिकडं बसून आमाले शिकवू नको. इथं ये, रात्री दोन वाजता ओलिताले जाय, मंग बोल.”

ओलिताला, रात्री पिकाला पाणी द्यायला, मी गेलो आहे. रात्रीच्या लाइनची वाट बघत मोटारीच्या खोलीत बसण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्या कष्टाबद्दल मला कोणी काही सांगू नये. पण ओलित केल्यानं गावातल्या पोरानं कोणतं वाद्य हातात घ्यावं हे ठरवण्याचा हक्क मिळत नाही, मला नाही आणि त्यालाही नाही.

मला राग आला तो ‘डीजे परवडला’ या वाक्याचा. डीजेत आपल्या गावच्या एकाही हाताचं कसब नसतं. दुसरीकडं तयार झालेलं गाणं ट्रॉलीवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीतून सोडायचं, एवढंच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. विसर्जनाला ती कोण पाळतं? म्हाताऱ्यांची छाती हलते, तान्ही पोरं दचकून रडतात, तेव्हा कोणाला माती आठवत नाही. इथं गोथेनबर्गला मैफलीचा आवाज सरासरी १०० डेसिबलच्या, आणि लहान मुलं येत असतील तिथं ९७ च्या, आत ठेवावा लागतो, दारातच कानात घालायचे बोळे ठेवलेले असतात, आणि बापाच्या खांद्यावर बसलेल्या चिमुरडीच्या कानांवर जाड गुलाबी कर्णरक्षक असतात. ज्याला तुम्ही राक्षसी म्हणता ते संगीत लोक इतक्या काळजीनं ऐकतात.

आता मातीचं. गुरुजी भजनी मंडळात पेटी वाजवतात, आणि फार सुंदर वाजवतात. माझा सूर त्यांनीच बसवला. पण पेटी युरोपातून आली. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये ती घडली, मग कलकत्त्यात तिला हातानं भाता मारायची सोय झाली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं तिला आपल्या संगीताला न शोभणारं वाद्य ठरवून बाहेर काढलं, आणि ती बंदी तीस वर्षांच्या आसपास टिकली. तेव्हा दिल्लीत बसलेल्यांनी जे पेटीबद्दल म्हटलं, तेच गुरुजी आज गिटारबद्दल म्हणत आहेत. दिल्लीचं ऐकलं असतं तर आमच्या गावच्या भजनात आज एकतारी आणि टाळ उरले असते.

‘गोऱ्यांचं’, ‘श्रीमंतांचं’ असंही कोणीतरी लिहिलं होतं. त्याला मी माझ्याकडच्या एलपींमधली, म्हणजे मोठ्या तबकड्यांमधली, पहिली ऐकवीन, ब्लॅक सबाथ या इंग्लंडच्या बँडची पहिली, १९७० ची. बर्मिंगहॅमच्या ॲस्टनमधली ही चार पोरं कामगारवस्तीतली. गिटारवाला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात हाच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वरून चामडं चिकटवलं, तारा पातळ घेतल्या, आणि पुढं त्या सैल करून सूर खाली उतरवला. हेवी मेटलचा तो जड, खालचा आवाज असा आला. कडबा कटरमध्ये, थ्रेशरमध्ये बोटं गेलेले लोक आपल्या प्रत्येक गावात आहेत. आमच्या मोठेबाबांच्या, म्हणजे थोरल्या काकांच्या, डाव्या हाताला तीनच बोटं आहेत आणि त्याच हातानं ते अजून बैलाची वेसण धरतात. ही रेकॉर्ड त्यांच्यापासून लांबची कशी? ऑक्टोबर १९६९ मध्ये एका दिवसात ती ध्वनिमुद्रित झाली. स्टुडिओचे लाड नाहीत. सुरुवातीला पाऊस, दूरवर घंटा, आणि मग तीन सुरांचं ते ओझं खाली येतं. माझ्या प्रतीवर पहिल्या बाजूला एक ओरखडा आहे, तरी मी ती बदलणार नाही.

डीप पर्पल या बँडची ‘मशीन हेड’, १९७२ ची, माझ्याकडं आधी कॅसेटवर होती, नागपूरच्या सीताबर्डीवरून आणलेली. ती कोणालाही आवडते, तिच्यावर वेगळं लिहायची गरज नाही. रशच्या ‘२११२’ बद्दल मात्र एक सांगतो. आधीचा अल्बम पडला होता, कंपनी म्हणत होती छोटी, खपणारी गाणी द्या. या तिघा कॅनडावाल्यांनी १९७६ मध्ये अख्खी पहिली बाजू, वीस मिनिटांहून जास्त, एकाच रचनेला दिली. तीच चालली. एलपीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटंच नीट मावतात. त्याहून जास्त कोंबलं की खाचा अरुंद होतात आणि आवाज पातळ पडतो. म्हणजे त्यांनी तबकडीची पूर्ण लांबी वापरली. भाच्याला मी हेच सांगितलं: मंडळानं दहा मिनिटं दिली तर दहा मिनिटांची एकच गोष्ट वाजव, पाच गाण्यांचे तुकडे नको.

माझ्या संग्रहातली सगळ्यात जास्त झिजलेली तबकडी ओपेथची ‘ब्लॅकवॉटर पार्क’. २००१ ची. बँड स्टॉकहोमचा, पण ध्वनिमुद्रण इथं गोथेनबर्गच्या स्टुडिओ फ्रेडमनमध्ये झालं, आणि निर्मितीत इंग्लंडचा स्टीव्हन विल्सन होता. गायक मिकाएल ऑकरफेल्ट एका ओळीत पोटातून गुरगुरतो आणि पुढच्याच ओळीत असा कोवळा गातो, की दोन माणसं आहेत असं वाटावं. गुरुजींना पहिला भाग राक्षसी वाटेल, आणि दुसरा ऐकायच्या आत ते उठून जातील, याचंच मला वाईट वाटतं. दंडारीत, आपल्या गावच्या लोकनाट्यात, राक्षस तोंड रंगवून येतो तेव्हा त्याचा आवाज कसा असतो? तो आवाज काढणारा आपला शेजारीच असतो आणि सकाळी तो शेतात भेटतो. तिथं आपण भेद करतो. इथंही तेवढाच करायचा आहे. शेवटचं शीर्षकगीत बारा मिनिटांचं आहे. नोव्हेंबरात इथं चारला अंधार पडतो, बाहेर ट्रामच्या तारांवर पाऊस असतो, तेव्हा त्या बारा मिनिटांत घर भरल्यासारखं वाटतं. डिजिटलवर मला हे एवढं कधी वाटलं नाही. तबकडीवर बेस थोडा मऊ येतो आणि ॲकॉस्टिक गिटारला लाकूड असतं.

मेशुगाची ‘ओब्झेन’ हा वेगळा विषय आहे. २००८ ची. उत्तरेकडच्या उमिओचा बँड, आठ तारांच्या गिटारी. ड्रमवाला टोमास हाके हातानं झांजेवर साधी चारची गणती धरतो आणि पाय मात्र गिटारच्या वेड्यावाकड्या आवर्तनाबरोबर चालवतो. दोन्ही बराच वेळ एकमेकांपासून दूर जातात आणि मग एकाच जागी पडतात. तबला ऐकणाऱ्या माणसाला यात सम दिसते. ज्यानं मोझरीला तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजात खंजिरी भजन ऐकलं, वाढत जाणारी लय अंगात भिनू दिली, त्याला ‘ओब्झेन’ समजायला पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा कमी वेळ लागेल, असं माझं ठाम मत आहे. तुकडोजी महाराज १९५५ साली विश्वधर्म परिषदेला जपानला गेले होते. विदर्भाचा माणूस आपला सूर घेऊन जपानला जाऊ शकतो, तर गिटार तिवशाला का येऊ नये?

इथं सातवीतली पोरगी पाठीला ट्रॉम्बोन अडकवून ट्रामनं कुल्तूरस्कोलानला, म्हणजे कलाशाळेत, जाते. शिक्षक नगरपालिकेचा, वाद्य बहुतेकदा भाड्यानं. बँड काढायचा तर स्टुडिएफ्रेमयांडेटसारख्या लोकशिक्षण संस्थेकडं नाव नोंदवा, सरावाचे तास लिहा, तळघरातली खोली मिळते. मी ज्या इमारतीत राहतो तिच्या धुलाईखोलीची पाळी मिळवणं त्याहून अवघड आहे. यातूनच इतके बँड निघाले. आणि आमच्याकडं चार पोरं कापूस ठेवायच्या खोलीत, कापूस विकून होईपर्यंत वाट बघत, गिटारीचा हप्ता भरत शिकली, तर त्यांना म्हणायचं, डीजे सांगा! मला हे इथून दिसतं म्हणून मी बोलतो. लांबून दिसतं ते सगळंच खोटं नसतं.

एवढा राग का येतो, याचं उत्तरही द्यायला हवं. इथल्या आंद्रा लोंगगातान रस्त्यावरच्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात मला सगळे ओळखतात. मी कोणतीही तबकडी काढली तरी कोणाला नवल वाटत नाही. माझ्या कारखान्यातल्या मुलांना मी सबाथ ऐकतो यात काही विशेष दिसत नाही. विचारलं तर सतारीबद्दल विचारतात. चांगले लोक आहेत. पण त्यांच्या दादेनं माझं पोट भरत नाही. मला नेहमी वाटत आलं की यातली एक बाजू, एकच, मोठेबाबांनी माझ्याबरोबर बसून पूर्ण ऐकावी, आणि ‘बरं आहे गड्या’ एवढं म्हणावं. गावी गेलो की मी हेडफोन लावून गच्चीवर बसतो आणि खाली त्यांना वाटतं, पोरगा थकला आहे.

भाच्यानं वाजवलेल्याचा व्हिडिओ बघितला तेव्हा आनंदाआधी मला हेवा वाटला. ज्या संगीतासाठी मला गाव मनातून बाजूला ठेवावं लागलं, ते त्या पोरानं शारदेच्या मांडवात, झेंडूच्या माळांखाली, घरचाच शर्ट घालून वाजवलं. कोणाची परवानगी मागितली नाही. मला जे दोन ठिकाणी तुकड्यातुकड्यात मिळालं ते त्याच्याकडं एका जागी होतं. आणि त्यालाच तुम्ही ‘आपल्या मातीतलं नाही’ म्हणालात. ते त्याला लागलं नसेल, तो हसला. मला लागलं.

म्हणून मागणी साधी आहे. समाजमंदिराची किल्ली ग्रामपंचायतीकडं असते. लग्नसराई सोडली तर तिथं सतरंज्या आणि खुर्च्या पडून असतात. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ती या पोरांना द्या, रात्री दहाला कुलूप लावा, विजेचं बिल मी भरतो. गुरुजींना मी स्वतः फोन करणार आहे, आणि डिसेंबरात आलो की ‘ब्लॅकवॉटर पार्क’ त्यांच्या ओसरीवर लावणार आहे, त्यांची पेटी शेजारी ठेवून. त्यांनी तरीही नाही म्हटलं, तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेत भाचा हा विषय मांडेल. माझं नाव गावच्या मतदारयादीतून गेलं, तो मात्र या वर्षी अठराचा झाला आणि त्याचं नाव चढलं आहे.