खुर्चीमागचे गृहस्थ

गेल्या रविवारी माटुंग्याच्या एका नावाजलेल्या उडुपी हॉटेलात मी जो ओनियन रवा डोसा खाल्ला, तो मी एकट्याने खाल्ला असे मला शपथेवर सांगता येणार नाही. तोंड माझे होते, पैसेही माझेच होते. परंतु त्या डोशाच्या प्रत्येक घासावर माझ्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांची देखरेख होती, आणि शेवटचे दोन घास तर मी त्यांच्याच सूचनेवरून एकत्र केले.

या हॉटेलात वरच्या वातानुकूलित दालनासाठी दाराशी वही असते आणि तीत नाव लिहिले जाते. तळमजल्यावर मात्र ज्याच्या हाती ससा तो पारधी. जेवणाऱ्याच्या पाठीशी उभे राहायचे आणि तो उठला की खुर्ची उबदार असतानाच बसायचे, अशी रीत आहे. मी स्वतःही पाऊण तास असाच उभा होतो हे कबूल केले पाहिजे. पण मी खांबाला टेकून उभा होतो आणि समोरच्या दिनदर्शिकेवरच्या तिथी वाचत असल्याचा बहाणा करीत होतो. माणसाने निदान तेवढी लाज तरी बाळगावी.

माझ्या पाठीशी आलेले गृहस्थ सत्तरीच्या आसपासचे होते. पांढरा स्वच्छ झब्बा, खांद्याला कापडी पिशवी आणि चेहऱ्यावर बदलीच्या गावी रुजू व्हायला आलेल्या अधिकाऱ्याचा भाव. माझी इडली नुकतीच आली होती. त्यांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, किंचित वाकले आणि अगदी सौजन्याने विचारले, “कुठपर्यंत?”

मुंबईबाहेरच्या वाचकांना या प्रश्नाचे गांभीर्य कळणार नाही. लोकलमध्ये उभा असलेला प्रवासी बसलेल्याला “कुठे उतरणार?” असे विचारतो, आणि “घाटकोपर” असे उत्तर मिळाले की घाटकोपरपासून ती जागा विचारणाऱ्याची होते, त्या अलिखित करारनाम्यासाठी माणसे हातघाईवर आलेली मी पाहिली आहेत. पण खाण्याच्या टेबलाशी हा प्रश्न मला प्रथमच विचारला जात होता. मी गोंधळून म्हणालो, “अजून डोसा यायचा आहे.”

“साधा की मसाला?”

“ओनियन रवा.”

त्यांच्या चेहऱ्यावर जे दुःख पसरले ते पाहून मलाच अपराध्यासारखे वाटले. “रवा!” ते म्हणाले. “अहो, रव्याला वीस मिनिटे लागतात. साध्या डोशाचे पीठ तव्यावर पसरले की झाले. रव्याचे पीठ ताकासारखे पातळ असते, ते वरून शिंपडावे लागते, मग जाळी पडायची, मग मंद आचेवर कुरकुरीत व्हायचे. रविवारी सकाळी कोणी रवा सांगते का?”

ही सर्व माहिती अचूक होती, हेच मला सर्वांत जास्त लागले. मी म्हटले, “मला आवडतो.”

“आवडायला माझी हरकत नाही,” ते उदारपणे म्हणाले. “पण अजून तव्यावर पडला नसेल तर साधा करून घेता येईल. मी विचारून येऊ का?”

ते खरोखरच विचारून आले. डोसा तव्यावर पडला होता. परत येऊन त्यांनी ही वार्ता मला अशा सुरात सांगितली, की रुग्णाला आता गावी हलवता येणार नाही असे डॉक्टर सांगत असावा. मग त्यांनी माझ्या पत्नीकडे मोर्चा वळवला. “वहिनी, तुमचे झालेच आहे की!” हिचा वडा संपला होता. ती लगेच विरघळली आणि मला म्हणाली, “अहो, आटपा ना जरा. ते कधीचे उभे आहेत.” मीही कधीचा उभा होतो, ही गोष्ट पंचवीस वर्षांच्या संसारात तिच्या ध्यानात का येत नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आपल्याकडच्या लग्नातही पहिल्या पंगतीच्या पाठीशी दुसऱ्या पंगतीची माणसे उभी असतात, हे मला मान्य आहे. परंतु तिथे यजमान हात जोडून “अजून एक जिलेबी घ्याच” असा आग्रह तरी करीत फिरत असतो. इथे आग्रह उलट्या दिशेने चालला होता. मी सांबार मागवले तर काकांनी घड्याळ पाहिले. मी चटणी मागवली तर ते म्हणाले, “चटणी आज जरा आंबूस आहे, नाही घेतली तरी चालेल.” त्यांनी ती कधी खाल्ली होती, देव जाणे. डोसा अखेर आला तेव्हा आम्हा दोघांच्याही तोंडून एकाच वेळी “आला!” असे निघाले, आणि त्या क्षणी आमच्यात थोडी आत्मीयता निर्माण झाली असावी, कारण पुढे ते मला कुठली कड आधी मोडावी हेही सांगू लागले.

हसण्याचा भाग सोडा. याच माटुंग्यात स्थानकाला लागून १९४२ साली सुरू झालेले ए. रामा नायक यांचे बोर्डिंग अजून चालू आहे. दक्षिणेतून नोकरीसाठी आलेल्या एकट्यादुकट्या माणसाला घरच्यासारखे दोन घास मिळावेत, या गरजेपोटी इथली खानावळींची परंपरा उभी राहिली. आता आम्ही जातो ते भूक लागते म्हणून नव्हे. दीड खोलीच्या घरात ज्या गप्पा होत नाहीत, त्या तासभर बाहेर बसून व्हाव्यात म्हणून जातो. आणि नेमका तोच तास आम्हाला कोणी देत नाही. बागेतल्या बाकावरून रखवालदार उठवतो, समुद्राच्या कठड्यावर पाय सोडून बसावे तर फुगेवाला येतो, आणि इथे पैसे मोजून बसावे तर पाठीशी काका. हॉटेलवाल्याला दोष द्यावा तर त्याचेही भाडे खुर्ची किती वेळा रिकामी होते यावरच निघत असणार. पण मला त्याची दया करायची इच्छा नाही. मी ग्राहक आहे.

काकांनी परस्पर वेटरला खूण करून माझे बिल मागवले. ते आले, आणि मी पाकिटाला हात घालण्याआधीच काकांनी ते माझ्या खांद्यावरून वाचले. “थांबा,” ते म्हणाले. “वड्याच्या दोन प्लेट लावल्या आहेत. वहिनींनी एकच घेतली. मी पहिल्यापासून बघतो आहे.” वेटर गडबडला. काका गल्ल्यापर्यंत गेले आणि त्यांनी तिथे साक्ष दिली. वड्याचे ७० रुपये आणि त्यावरचा पाच टक्के जीएसटी, अडीच केंद्राचा व अडीच राज्याचा, मिळून ७३ रुपये ५० पैसे त्यांनी माझे वाचवले. वर जाता जाता मला समजावलेही, की बिलात आपोआप सेवाशुल्क लावता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच तसे बजावले आहे आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरले आहे. माझ्या बिलात सेवाशुल्क नव्हतेच. सेवाशुल्काचा निकाल लागला. बसलेल्या माणसाच्या पाठीशी किती अंतरावर उभे राहावे, याचा निकाल कोणत्याच न्यायालयाने अजून दिलेला नाही.

मला त्यांचे आभार मानावे लागले. ज्याच्यावर मनसोक्त रागवायचे त्याचेच आभार मानावे लागणे, यापरता दुसरा जुलूम नाही. माझी कॉफी अजून आली नव्हती, तरी मी उठलो. त्याच वेळी काकांचा फोन वाजला. वहीत त्यांचेही नाव होते, आणि वर त्यांचा नंबर लागला होता. “चला, वर थंड आहे,” असे मला सांगून, माझ्या खुर्चीकडे ढुंकूनही न पाहता, ते जिना चढून गेले.

मी परत बसणार तोच दोन कॉलेजच्या मुलींनी दोन्ही खुर्च्यांवर पिशव्या ठेवल्या. त्यांची चूक नव्हती. ही हात धुवायला गेली होती, आणि वेटरने माझी कॉफी उभ्याउभ्याच माझ्या हातात दिली. पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात ती निववायलाही कोपर मोकळे नव्हते. मधल्या बोळकांडीत उभे राहायला जागा होती ती फक्त त्या खुर्चीच्या मागे. तिथेच उभा राहून मी फुंकर घालत पहिला घोट घेतला.

त्यांतली एक मुलगी मागे वळली, माझ्याकडे पाहून मोठ्या अजिजीने हसली आणि म्हणाली, “काका, आम्हाला वेळ लागेल हां. आम्ही रवा सांगितला आहे.”