‘वाजला तर घ्या’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

जुना अ‍ॅम्पेग बी-15 (बास गिटारचा ट्यूब अ‍ॅम्प) घ्यावा का, या माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया वाचली. मग पुन्हा वाचली, कारण पहिल्या वेळी डोकं तापलं होतं. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: लेख लोकांना उगाच घाबरवतो; बासवादक जेम्स जेमरसनने मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीत बी-15 वाजवला, तो काय मल्टिमीटर घेऊन बसायचा का; ‘लावा, वाजवा, वाजला तर घ्या, एवढं सोपं आहे’; भाग बदलले की मूळपण जातं आणि भावही पडतो; हम, म्हणजे अ‍ॅम्पमधली गुणगुण, किती हर्ट्झचा हेही लेखकाला धड माहीत नाही; आणि शेवटी, ‘आपण वादक नसून मेकॅनिक आहात हे लिखाणावरून कळतंच.’

हमचं आधी मिटवतो. फिल्टर कॅपॅसिटर (आतला डीसी सपाट करणारे) सुकले की येणारा हम मी 120 हर्ट्झ लिहिला. भारतात वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे इथे तो 100. चूक मान्य, दुरुस्ती केली, आभार. (लेखातला अ‍ॅम्प न्यू जर्सीत तपासायचा होता आणि तिथे 120 च ऐकू येणार. पण असो.)

आता ‘मेकॅनिक’. हा शब्द आपण ज्या सुरात वापरलात तो मला समजला. बावीस वर्षं सोल्डरिंग आयर्न हातात आहे, आणि वाजवतोही. पण ज्याला बायस (ट्यूबमधला करंट ठरवणारा व्होल्टेज) मोजता येतो त्याला बास ऐकू येत नाही, असं समजणाऱ्याशी काय बोलणार? मतभेद असू द्या. अनोळखी माणसाला लायकी दाखवायची गरज नव्हती.

आणि जेमरसन. अहो, साठच्या दशकात तो वाजवत होता तेव्हा ते अ‍ॅम्प नवे होते! आतले कॅपॅसिटर दोन-चार वर्षांचे. तेच कॅपॅसिटर आज साठीच्या घरात आहेत. इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर वापरला नाही तरी म्हातारा होतो, किंबहुना न वापरलेला जास्त.

आता त्या एका वाक्याकडे येऊ, कारण सगळा घोळ तिथेच आहे: ‘वाजला तर घ्या.’ विकणाऱ्याच्या घरी आपण किती वेळ वाजवतो? दहा मिनिटं, तेही शेजाऱ्यांच्या भीतीने आवाज दोनवर ठेवून. जे दोष पैसे खातात त्यातले बरेचसे त्या दहा मिनिटांत तोंड उघडतच नाहीत.

कपलिंग कॅपॅसिटर घ्या. फेज इन्व्हर्टर (सिग्नल दोन उलट भागांत वाटणारा टप्पा) आणि 6एल6 ही पॉवर ट्यूब यांच्यामध्ये तो बसतो आणि मागचा डीसी अडवतो. म्हातारपणी तो थोडा थोडा गळायला लागतो. समजा 20 मायक्रोअँप गळती आहे आणि ग्रिडवरचा, म्हणजे ट्यूबचा करंट ताब्यात ठेवणाऱ्या जाळीवरचा, रेझिस्टर 220 किलो-ओहमचा आहे. म्हणजे ग्रिडवर 4.4 व्होल्ट नको तिकडे सरकले. 6एल6 मध्ये ग्रिडच्या प्रत्येक व्होल्टमागे साधारण 5 मिलिअँप धरले, तर 22 मिलिअँप जादा. प्लेटवर (ट्यूबमधला करंट जिथे पोचतो तिथे) 450 व्होल्ट असतील तर 6एल6जीसी ला तिच्या 30 वॉटच्या मर्यादेच्या 70 टक्के, म्हणजे 21 वॉट द्यायचे. करंट 46-47 मिलिअँप. त्यात हे 22 मिळवा. ट्यूब थेट 30 वॉटच्या वर गेली. आवाज? उत्तम! कदाचित जरा जास्तच ‘ऊबदार’, ज्याला आपण ‘आत्मा’ म्हणता. अर्ध्या तासाने गळती उष्णतेने वाढते, प्लेट लाल होते, आणि त्या ट्यूबसोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. मग मूळपण शोधत बसा.

ही गळती कानाला सापडत नाही, मीटरला सापडते. 30 वॉटच्या फिक्स्ड बायस (ग्रिडला वेगळा ऋण व्होल्टेज देणाऱ्या) बी-15 मध्ये दोन्ही पॉवर ट्यूब काढा, अ‍ॅम्प चालू करा, सॉकेटच्या पिन 5 वर डीसी मोजा. दोन्हीकडे सारखाच ऋण व्होल्टेज हवा. एका बाजूला तो शून्याकडे सरकलेला दिसला तर त्या बाजूचा कॅपॅसिटर गळतोय. दोन मिनिटांचं काम. आत 450 व्होल्ट आहेत हे ज्याला माहीत आहे त्यानेच करावं, एक हात खिशात ठेवून. काम झाल्यावर बंद करून फिल्टर कॅपॅसिटर 22 किलो-ओहम, 5 वॉटच्या रेझिस्टरने उतरवायचे आणि उतरले की नाही ते मोजायचं.

विकणारा चासी (अ‍ॅम्पचा धातूचा सांगाडा) उघडू देत नसेल तर? तेही एक उत्तरच आहे. निघून या.

दुसरा मुका दोष प्लगचा. त्या काळच्या कितीतरी अमेरिकन अ‍ॅम्पना दोन पिनांचा प्लग असे, आणि विजेच्या एका तारेपासून चासीपर्यंत 0.05 मायक्रोफॅरडच्या आसपासचा कॅपॅसिटर. त्याला डेथ कॅप म्हणतात ते चेष्टेने नव्हे. तो धड असतो तेव्हा 117 व्होल्टवर दोनेक मिलिअँप वाहतात, तारांना हात लावला की झिणझिण्या. तो शॉर्ट झाला तर चासी, आणि तिच्यामार्फत बासच्या तारा, थेट लाइनवर. समोर अर्थिंग केलेला माइक आणि त्याला टेकलेले ओठ, एवढंच पुरे. तो काढून तीन पिनांची केबल बसवली आणि अर्थ चासीला वेगळ्या बोल्टने घट्ट जोडला, तर आवाजात तसूभर फरक पडत नाही. इथे तुमचं ‘मूळपण’ मला ऐकून घ्यायचं नाही. सॉरी.

(‘आपण’वरून ‘तुम्ही’वर आलो हे लक्षात आलंय. राहू दे.)

तिसरं, ट्रान्सफॉर्मर, कारण खरा पैसा तिथेच अडकलेला असतो. अ‍ॅम्प बंद, ट्यूब बाहेर, कॅपॅसिटर उतरलेले, स्पीकर सोडवलेला. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपपासून दोन्ही प्लेटपर्यंतचा रेझिस्टन्स मोजा. थोडाफार फरक चालतो, एक बाजू उघडी असेल तर विषय संपला. पण आतल्या आत दोन वेढे चिकटले असतील तर ओहममीटर ते सांगत नाही. त्यासाठी स्पीकरच्या बाजूला 1 व्होल्ट एसी द्या आणि दोन प्लेटमध्ये मोजा. 8 ओहमच्या टॅपवर 22 व्होल्टच्या आसपास आलं तर 22 चा वर्ग गुणिले 8, म्हणजे सुमारे 3,900 ओहम; 6एल6 च्या जोडीला हे पटण्यासारखं. आकडा भलताच आला, किंवा 1 व्होल्ट देणारा स्रोतच दबला, तर वेढे शॉर्ट आहेत. मीटर लावल्यावर प्लेटच्या तारांना हात नको, आणि स्पीकर परत जोडल्याशिवाय अ‍ॅम्प चालू करायचा नाही, कधीच नाही.

पडून राहिलेला अ‍ॅम्प व्हेरिअ‍ॅकने (व्होल्टेज कमीजास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) हळूहळू जागा करा, असा सल्लाही तुम्ही जाता जाता दिलात. ट्यूब रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारी ट्यूब) असलेल्या अ‍ॅम्पमध्ये व्होल्टेज बरंच वर जाईपर्यंत रेक्टिफायर नीट तापतच नाही. कॅपॅसिटर तोवर रिकामेच बसतात आणि मग त्यांना एकदम दणका मिळतो. आपल्याकडे कुठल्याही वायरमनकडे असतो तो सिरीज बल्ब, म्हणजे विजेच्या वाटेत अ‍ॅम्पच्या आधी जोडलेला बल्ब, जास्त कामाचा. अमेरिकेत तपासत असाल तर 100 वॉटचा तारेचा पिवळा बल्ब, एलईडी नव्हे. चालू करताना बल्ब भक्कन पेटून मंद झाला तर ठीक. तसाच पेटत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, प्लग काढा.

बाकीचे मुद्दे. भाग बदलल्याने भाव पडतो, हा. काढलेले भाग पिशवीत घालून अ‍ॅम्पसोबत ठेवा, पुढच्या गिऱ्हाइकाला द्या. झालं. यावर पान खर्च करायची माझी इच्छा नाही. ज्यांना काचेच्या कपाटात ठेवायला घ्यायचाय त्यांच्यासाठी लेख नव्हताच. 30 वॉट स्टेजवर पुरतात का, हेही तुम्ही विचारलंय: ड्रमरबरोबर नाही, रेकॉर्डिंगला हो.

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीतल्या एडिसन गावात राहणारा तुमचा मेहुणा पुढच्या महिन्यात एक बी-15 घेऊन येतोय. (साठच्या दशकात अ‍ॅम्पेगचा कारखाना तिथून जवळच, लिंडनला होता; म्हणजे माल माहेरचाच.) त्याला सांगा, स्पीकरच्या फ्रेमवरचा नंबर बघ. 220 ने सुरू होत असेल तर जेन्सन, 137 तर सीटीएस, पुढचे आकडे वर्ष आणि आठवड्याचे. 67 दिसला तर एमिनन्स, ही कंपनी 1966 ची. मग अ‍ॅम्प त्याआधीचा असूनही विकणारा ‘सगळं ओरिजिनल’ म्हणत असेल तर पुन्हा एकदा विचार. स्पीकरचा कागदी कोन दोन्ही हातांनी सारखा दाबायचा. घासल्याचा आवाज आला तर रिकोनचा (नवा कोन बसवण्याचा) खर्च किमतीतून वजा.

आणि पुण्यात आल्यावर. तो अ‍ॅम्प 117 व्होल्ट, 60 हर्ट्झचा. बाजारातला 230 ते 110 चा स्टेपडाउन चालेल, किमान 300 व्हीए चा, पण 50 हर्ट्झवर ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावरचा ताण 20 टक्के वाढतो. 117 ऐवजी 110 दिल्याने त्यातला थोडा परत मिळतो, तरी साधारण 13 टक्के जादा उरतोच. हीटरला 6.3 ऐवजी 5.9 व्होल्ट मिळतील, तेवढं चालतं. पहिल्या तासात ट्रान्सफॉर्मरला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर बंद करा. स्टेपडाउनच्या सॉकेटमधून अर्थ पुढे जातो का तेही मीटरने बघा, बऱ्याच डब्यांत ती पिन नुसती शोभेची असते.

हे सगळं करणार नाही म्हणालात तरी प्लग लावण्याआधी मागची प्लेट तेवढी वाचा. तिथे 117 लिहिलेलं असेल.